महालक्ष्मीचा संपला तो भाडेपट्टा, परवाना नव्हे

महालक्ष्मी रेसकोर्सची बातमी आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "अहो, रेसकोर्सचं लायसन्स २०१३ मध्येच संपलं, तरी शर्यती चालूच होत्या!" परवा शेजारच्या काकांनी ते मला लिफ्टमध्ये ऐकवलं, चौथ्या मजल्यापर्यंत. शर्यती चालू होत्या हे खरं. पण ३१ मे २०१३ रोजी संपला तो जमिनीचा भाडेपट्टा, ज्याला सगळे लीज म्हणतात. घोड्यांच्या शर्यतीचा परवाना हे निराळंच प्रकरण आहे. दोन्ही सरकारदरबारी मागावे लागतात, दोन्हींना मुदत असते आणि दोन्हींच्या नूतनीकरणावरून भांडणं होतात, इतकंच काय ते साम्य.

भाडेपट्टा काय असतो हे मुंबईकराला शिकवायला नको. जमीन एकाची, ताबा दुसऱ्याचा, मुदत ठरलेली, भाडं ठरलेलं. महालक्ष्मीच्या जमिनीचा मोठा हिस्सा राज्य सरकारचा आणि उरलेला महापालिकेचा. ती वापरायला मिळाली रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबला. पुण्यात तोच क्लब शर्यती भरवतो, पण तिथली जमीन संरक्षण खात्याची. म्हणजे क्लब एक, जमीनमालक वेगवेगळे. लीजबद्दल एवढं पुरे.

घोळ होतो तो परवान्याच्या बाजूला, आणि माझ्या मते त्याचं मूळ आपल्या घरभाड्याच्या कागदात आहे. मुंबई-पुण्यात घर भाड्याने घेताना आपण अकरा महिन्यांचं 'लिव्ह अँड लायसन्स' करतो. तिथे लायसन्स म्हणजे दुसऱ्याच्या जागेत राहायची परवानगी. हा अर्थ इतका अंगवळणी पडलाय की 'रेसकोर्सचं लायसन्स' म्हटलं की डोक्यात आपोआप जागाच येते. रेसकोर्सच्या लायसन्सचा जागेच्या मालकीशी किंवा भाड्याशी काहीही संबंध नाही. ते मैदानावर एक विशिष्ट गोष्ट करू देणारं आहे, जसा खाणावळीचा किंवा दारूच्या दुकानाचा परवाना. दुकानाचा गाळा स्वतःचा असला म्हणून दारू विकता येत नाही, आणि विक्रीचा परवाना मिळाला म्हणून गाळा आपला होत नाही.

हा परवाना येतो १९१२च्या मुंबईच्या रेसकोर्स लायसन्सिंग कायद्यातून. कायदा छोटासा आहे, पण त्यातला एक शब्दसमूह सगळा गुंता सोडवतो. परवान्यासाठी अर्ज कोण करू शकतो? रेसकोर्सचा मालक, पट्टेदार किंवा ताबेदार. हे तीन शब्द पुन्हा वाचा. अर्जदार जमिनीचा मालक असायलाच हवा असं नाही, चालू मुदतीचा पट्टेदारच हवा असंही नाही, नुसता ताबा असला तरी दार उघडं आहे. म्हणून पट्ट्याची मुदत टळली तरी परवान्याचा रस्ता आपोआप बंद होत नाही. सरकारला तो बंद करायचा असेल तर तसा वेगळा निर्णय घ्यावा लागतो.

शर्यत कशाला म्हणायचं हेही त्यात बांधलेलं आहे: घोडा, घोडी किंवा खच्ची केलेला घोडा बक्षिसासाठी किंवा पैजेसाठी पळवला आणि वीसपेक्षा जास्त माणसं हजर असली, तर ती शर्यत. ती भरवायला परवाना हवा. परवाना देताना सरकार अटी घालू शकतं: शुल्क, हिशेब, जॉकी तयार करण्याची सोय, भारतात पैदा झालेल्या घोड्यांना उत्तेजन. यातली एकही अट एकराची नाही, चौरस मीटरची नाही.

आता दोन्हींच्या मुदती संपल्यावर काय होतं ते बघा. फरक तिथे उघडा पडतो.

मुंबईत पट्टा संपला मे २०१३ मध्ये. पुढच्या फेब्रुवारीत इंडियन डर्बी ही मानाची शर्यत महालक्ष्मीलाच झाली. सकाळी ट्रॅकच्या कडेने चालायला येणारी माणसं येतच राहिली. पट्टा संपला की भाडेकरूचं सामान त्या रात्री रस्त्यावर येत नाही. मालकाला नोटीस द्यावी लागते, कायद्याने ताबा घ्यावा लागतो, नाहीतर वाटाघाटी करून नवा पट्टा करावा लागतो. या वाटाघाटी इथे दहा वर्षांहून जास्त चालल्या. २०२४ मध्ये ठरलं की १२० एकर उद्यानासाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर क्लबकडे.

बंगळुरूला नेमकं उलट झालं. तिथल्या टर्फ क्लबचा पट्टा २००९ मध्येच संपला होता, खटले चालले, आणि शर्यतीही चालल्या. मग जून २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने शर्यतीच्या परवान्याचा अर्जच फेटाळला. उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने अंतरिम परवानगी दिली, ती काही दिवसांतच खंडपीठाने थांबवली. जमीन तीच, तबेले तेच, मोतद्दार पहाटे घोडे फिरवायला नेत होते, पण शर्यत नव्हती. जी गोष्ट पट्टा संपून पंधरा वर्षांत झाली नाही, ती परवाना अडल्यावर लगेच झाली. दोन्हींतला फरक यापेक्षा स्पष्ट मला सांगता येणार नाही.

परवान्याची खरी ताकद पैजेत दिसते. शर्यतीच्या दिवशी टोटच्या, म्हणजे रेसकोर्सवर पैजेचे पैसे अधिकृतपणे घेणाऱ्या व्यवस्थेच्या, खिडकीशी उभे राहा. समोरचा माणूस घोड्याचा नंबर सांगतो, शंभराची नोट सरकवतो, तिकीट खिशात घालतो. हे कायदेशीर आहे. तोच माणूस त्याच वेळी फाटकाबाहेर येऊन फोनवर बेकायदा बुकीकडे त्याच घोड्यावर शंभर रुपये लावतो, तर तो जुगार आहे. घोडा तोच, रक्कम तीच. १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा घोड्यांवरच्या पैजेला सूट देतो ती मोजून मापून: शर्यतीच्या दिवशी, परवाना असलेल्या रेसकोर्सवर त्यासाठी राखलेल्या आवारात, आणि परवानाधारक बुकमेकरकडे किंवा टोटवर. परवाना नाही तर ते आवार नाही, आणि आवार नाही तर सूटही नाही. बंगळुरूची शर्यत महालक्ष्मीला पडद्यावर बघत तिच्यावर पैसे लावता येतात, तेही याच परवान्याच्या जोरावर. पट्ट्याच्या कागदाला असलं काही करता येत नाही.

बाकीचे गोंधळ किरकोळ आहेत. जॉकी आणि ट्रेनर यांना लायसन्स मिळतं ते क्लबच्या स्टुअर्ड, म्हणजे शर्यतींवर देखरेख करणाऱ्या मंडळींकडून, सरकारकडून नव्हे. जॉकी निलंबित झाला म्हणजे रेसकोर्सवर कारवाई झाली असं नाही. जीएसटी हा कर आहे, परवाना नाही. बैलगाडा शर्यतीचे नियम वेगळे आणि परवानगीही वेगळी. आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा वाटा मोठा असल्याचं म्हटलं, ते खरं. पण त्यावरून "म्हणजे परवानाच लागत नाही" असा निष्कर्ष काढणाऱ्यांना मी हात जोडतो. परवान्याचे कायदे तसेच उभे आहेत.

शब्दांबाबत माझा हट्ट आहे. जमिनीला 'भाडेपट्टा' म्हणा, शर्यतीला 'परवाना' म्हणा, आणि 'लायसन्स' हा शब्द या विषयापुरता तरी बाजूला ठेवा. याचं कारण व्याकरण नाही. महालक्ष्मीचा वाद पेटला तेव्हा एका दमात दोन मागण्या ऐकू येत होत्या. कुणाला मुंबईत मोकळी जमीन हवी होती, कुणाला सट्टा बंद व्हायला हवा होता. दोन्ही मागण्या गंभीर आहेत. पण सट्ट्याला विरोध असलेला माणूस लीज वाढवू नका म्हणून सह्या गोळा करत होता, आणि जमिनीसाठी तळमळणारा लायसन्स रद्द करा म्हणत होता. दोघांचेही अर्ज चुकीच्या टेबलावर. उद्या शर्यतीचा परवाना रद्द झाला, तरी क्लबकडच्या ९१ एकरांतला एक वाफासुद्धा त्यामुळे लोकांच्या ताब्यात येणार नाही. आणि १२० एकरांवर कितीही झाडं लावली तरी टोटची खिडकी शर्यतीच्या दिवशी उघडेलच.

काकांना मी हे लिफ्टमधून उतरल्यावर जिन्यात उभं राहून सांगितलं. ते म्हणाले, "मग मला सट्टा बंद हवा असेल तर पत्र कशाबद्दल लिहू?" परवान्याबद्दल, काका. राज्य सरकारला, १९१२च्या कायद्याचा उल्लेख करून. जमिनीचा त्यात एक शब्दही आणू नका.