पॅकेट रेडिओ: ९६०० म्हणजे आठपट वेग नव्हे

गोव्यातल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींत पॅकेट रेडिओबद्दल (संगणकाची माहिती पाकिटं करून रेडिओवरून पाठवणं) एक समज घट्ट बसलाय: सेकंदाला १२०० बिट्स सोडून ९६०० लावलं की वेग आठपट, आणि लिनक्स असल्यावर पाकीट हरवायचं नाहीच. दोन्ही चूक.

२५६ बाइट माहितीची चौकट (म्हणजे एक पाकीट), पत्ते वगैरे धरून, हवेत जायला १२०० बिट्सवर सुमारे १.८ सेकंद लागतात, ९६०० वर ०.२३. पण प्रत्येक प्रक्षेपणाआधी रेडिओ सेट स्थिरावायला वेळ द्यावा लागतो. तो ३०० मिलिसेकंद धरा. पाकीट मिळाल्याची पोच पाठवणाऱ्या सेटलाही तेवढाच, वर त्या पोचेची छोटी चौकट. बेरीज २.६ विरुद्ध ०.८५ सेकंद, म्हणजे जेमतेम तिप्पट! शिवाय ९६०० ला सेटचा डेटा पोर्ट हवा. माइकच्या जॅकमधून ते सहसा जमत नाही.

आता भरवसा. पॅकेट रेडिओच्या एएक्स.२५ या नियमावलीत (प्रोटोकॉल) पोच आणि फेरप्रेषण असतं ते फक्त जोडणी करून बोलताना. एपीआरएस (ठिकाण आणि छोटे संदेश सगळ्यांना कळवणारी हॅम पद्धत) यूआय चौकटी वापरतं, म्हणजे जोडणी नाही, पोच नाही. तिथे खराब चौकट तपासबेरजेत सापडते आणि गुपचूप फेकली जाते. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, काय करणार?

समजा, म्हापसा आणि फोंडा दोघांनाही पणजीच्या आल्तिन्होवरचा डिजिपीटर (पाकिटं ऐकून पुन्हा प्रक्षेपित करणारं केंद्र) ऐकू येतो, पण एकमेकांचं येत नाही. दोघे एकाच वेळी बोलले की दोन्ही पाकिटं बहुधा वाया. हे पूर्ण टळत नाही, पण आधी टीएक्सडिले (सेट स्थिरावायला दिलेला वेळ) आणि पर्सिस्टन्स (वाहिनी मोकळी दिसली की लगेच बोलायची शक्यता) नीट लावा, वेगाच्या मागे नंतर लागा.