तांब्याचा सांधा, आगीवाचून

ब्रिटनमधल्या जुन्या घरात बॉयलरजवळचा तांब्याचा पाइप बदलायचा असला, की पहिली अडचण पाण्याची येते. मुख्य व्हॉल्व्ह बंद केला तरी तो पूर्ण बसत नाही आणि कापलेल्या तोंडातून थेंब थेंब पाणी येत राहते. असा ओला पाइप झाळता येत नाही. तांबे मिसळलेले, शिसे नसलेले कथलाचे सोल्डर सुमारे 227 अंश सेल्सिअसला वितळू लागते. पाइपात पाणी असेपर्यंत तांबे 100 अंशांच्या फारसे पुढे सरकत नाही, कारण टॉर्चची उष्णता पाण्याची वाफ करण्यातच संपते. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ व्हायला जवळपास 2,260 ज्यूल लागतात. प्लंबर टॉर्च धरून बसतो, सोल्डर गोळ्या होऊन खाली पडते आणि शेजारचे लाकूड मात्र काळे पडते.

प्रेस फिटिंगला, म्हणजे पाइपाच्या टोकावर चढवून यंत्राच्या जबड्याने आवळायच्या जोडतुकड्याला, ही अडचण नाही. त्यात आग नाही, सोल्डर धरावे म्हणून धातूला लावायचा फ्लक्स नाही, पाइप कोरडा करण्याची सक्ती नाही. 15 आणि 22 मिलिमीटरच्या घरगुती पाइपांसाठी बॅटरीच्या महागड्या यंत्राचीही गरज नसते, लांब दांड्यांचे हातयंत्र पुरते. मात्र हे काम वाटते तितके ‘ठेवले आणि दाबले’ असे नाही. सांधा टिकणार की नाही, हे बहुतेक वेळा जबडा बंद होण्याआधीच ठरलेले असते.

फिटिंग हातात घेऊन नीट पाहिले, तर तिच्या प्रत्येक तोंडाशी एक फुगवटा दिसतो. त्या फुगवट्याच्या आतल्या खाचेत काळी रबरी रिंग बसवलेली असते. पाण्याच्या फिटिंगमध्ये ही रिंग ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असते. फुगवट्याच्या बाजूचा भाग साधा, सरळ असतो. जबडा एकाच दाबात दोन वेगळी कामे करतो. फुगवटा आवळून तो रिंगला पाइपवर दाबतो, त्यामुळे पाणी अडते. बाजूचा सरळ भाग दाबून तो षटकोनी करतो आणि त्याच्याबरोबर आतला पाइपही षटकोनी होतो, त्यामुळे पाइप ओढून निघत नाही आणि फिरतही नाही. पाणी अडवणारे रबर आणि पाइप धरून ठेवणारा धातू ही दोन कामे मनात वेगळी ठेवली, तर पुढच्या बहुतेक चुका आपोआप उलगडतात.

पाइप धरून ठेवायला किती जोर लागतो? 22 मिमी व्यासाच्या पाइपाच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे 380 चौरस मिलिमीटर होते. चाचणीचा दाब 10 बार असेल, तर पाइपाला फिटिंगबाहेर ढकलणारे बल 380 न्यूटन, म्हणजे जवळपास 39 किलो वजनाएवढे होते. रबराच्या रिंगच्या घर्षणावर हे पेलण्याचा भरवसा ठेवता येत नाही. ते षटकोनाने पेलायचे असते.

तांबे असे दबून तसेच राहते, याचे कारण पुण्याच्या तांबट आळीत ऐकू येते. तिथे हंड्यावर ठोके घालून मठारकाम होते तेव्हा भांड्याला नुसती नक्षी येत नाही, पत्रा कठीणही होतो. ठोक्याने धातूच्या स्फटिकांतले थर एकमेकांवरून घसरतात, त्यांत गुंते तयार होतात आणि पुढची घसरण अवघड होते. भांडे पुन्हा वळवायचे, तर ते आधी तापवून मऊ करावे लागते. प्रेस फिटिंगमध्ये नेमके हेच घडते, फक्त शेकडो ठोक्यांऐवजी एका दाबात. षटकोनाचे कोपरे दबताना कठीण होतात आणि म्हणून पकड टिकते. याच कारणाने, एकदा पूर्ण दाबलेल्या फिटिंगवर ‘खात्रीसाठी’ दुसऱ्यांदा जबडा चालवू नये. कठीण झालेले तांबे आता तसे वळत नाही, षटकोन जुन्या कोपऱ्यांवर जुळत नाही आणि रिंगवरचा दाब एकीकडे जास्त, एकीकडे कमी होतो.

जोर सोडल्यावर तांबे किंचित मागेही येते. 15 मिमीच्या पाइपावर ही माघार मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी असते आणि जबड्याचा आकार ठरवताना ती हिशेबात धरलेली असते. जबडा अर्धा मिलिमीटर उघडा राहिला, तर तो हिशेब साफ कोलमडतो.

आता हाताचा जोर. बाजारातली मध्यम आकाराची बॅटरी यंत्रे 32 किलोन्यूटन, तर काही छोटी यंत्रे 24 किलोन्यूटन बल देतात. 24 किलोन्यूटन म्हणजे जवळपास 2.4 टन. हाताने एवढे बल कसे निघेल? अडकित्ता आठवा. सुपारी बिजागरीजवळ धरली की सहज फुटते, टोकाशी धरली तर हात दुखतो. हातयंत्रातही पहिली युक्ती तीच. दांडा 500 मिमी आणि बिजागरीपासून जबड्याकडची भुजा 25 मिमी धरली, तर बल 20 पट होते. दुसरी युक्ती गुडघ्यासारख्या दोन पट्ट्यांची. त्या वाकलेल्या असताना जोर फारसा वाढत नाही, पण सरळ रेषेजवळ येऊ लागल्या की तो झपाट्याने वाढतो. त्यातून आणखी 4 पट मिळाले, तर हाताच्या 300 न्यूटनचे 24,000 न्यूटन होतात. हे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत, प्रत्येक यंत्राची रचना वेगळी असते. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी: बल 80 पट वाढले, तर अंतर 80 पट घटते. जबड्याच्या शेवटच्या एका मिलिमीटरसाठी दांड्याची टोके 80 मिमी जवळ आणावी लागतात. दांडे जवळजवळ मिटलेत, आता झाले असेल, असे वाटते त्या टप्प्यातच खरे काम चाललेले असते.

काम सुरू करण्याआधी व्हर्निअरने पाइपाचा बाहेरचा व्यास मोजावा. युरोपीय मानकाच्या 15 मिमी पाइपाचा सरासरी व्यास 0.04 मिमीपेक्षा जास्त इकडे-तिकडे होत नाही आणि भिंत बहुधा 0.7 मिमी जाडीची असते. 22 मिमीला ती 0.9 मिमी असते. ब्रिटनमध्ये 1970च्या दशकापूर्वीच्या घरांत इंचातले पाइप भेटतात. त्यांतला अर्धा इंची पाइप 15 मिमीच्या इतका जवळचा असतो की डोळ्याला फरक कळत नाही, पण प्रेस फिटिंग त्या मापासाठी बनलेली नसते. अमेरिकेत तर ‘अर्धा इंच’ म्हणून मिळणाऱ्या पाण्याच्या पाइपाचा बाहेरचा व्यास 15.88 मिमी असतो. ऑनलाइन स्वस्तात मिळालेला अमेरिकी मापाचा जबडा 15 मिमीच्या फिटिंगवर पूर्ण बंद होतो, आवाजही नेहमीसारखा येतो, आणि फिटिंग मात्र पुरती आवळलेली नसते.

जबड्याच्या आकाराचेही असेच. व्ही आणि एम हे दोन आकार सर्रास दिसतात. व्ही फुगवट्याच्या दोन्ही बाजूंना दाबतो, एम फुगवट्यावर आणि त्याच्या एका बाजूला दाबतो. कोणत्या फिटिंगला कोणता आकार चालतो, हे फिटिंग बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यातूनच पाहावे. ‘15 मिमी म्हणजे 15 मिमी’ हा समज इथे महागात पडतो. प्लास्टिकच्या पेक्स पाइपांवर तांब्याच्या कड्या आवळणारे हातयंत्र दिसायला असेच असते, पण त्याचा या कामाशी काही संबंध नाही.

पाइप कापायला चाकाचा कटर वापरावा. चाक एका वेळी थोडेच आवळून फिरवत जावे, एकदम आवळले तर पाइपाचे तोंड आत दबते आणि गोलाई जाते. हॅक्सॉने तिरका काप आणि तांब्याचा कीस या दोन नव्या डोकेदुखी मिळतात. कापल्यावर आतली आणि बाहेरची, दोन्ही कोर काढायची. बाहेरची धार राहिली, तर पाइप आत सारताना ती रबरी रिंगला ब्लेडसारखी कापते, आणि हा काप बाहेरून कधीच दिसत नाही. आतली धार राहिली, तर वाहत्या पाण्यात भोवरे उठतात आणि त्या जागेपुढचे तांबे हळूहळू झिजत जाते. शेवटच्या काही सेंटिमीटरांवरचा रंग, चिकटपट्टी, जुने सोल्डर पुसून काढावे आणि बोट फिरवून उभे ओरखडे शोधावेत. आडवा ओरखडा रिंगखाली मिटून जातो. पाइपाच्या लांबीच्या दिशेने गेलेला खोल ओरखडा मात्र रिंगखालून पाण्याला वाट देतो. तसा सापडला तर तेवढा तुकडा कापून टाकणे हाच उपाय. गुंडाळीतला मऊ पाइप बहुधा किंचित लंबगोल असतो, तो आधी साच्याने गोल करून घ्यावा लागतो.

फिटिंगमध्ये रिंग आहे ना, ती खाचेत नीट बसली आहे ना, तिच्यावर वाळूचा कण नाही ना, हे प्रत्येक वेळी पाहावे. पाइप जड जात असेल, तर पाण्याचा हात लावावा. ग्रीस किंवा खनिज तेल लावले, तर ईपीडीएम ते शोषून फुगते आणि मऊ पडते.

मग येते ती मार्करची खूण. मला विचाराल तर सगळ्या कामात हीच सर्वांत महत्त्वाची. फिटिंगच्या आत जिथे पाइप अडतो तिथपर्यंतची खोली मोजून ती पाइपावर रेघेने दाखवायची. 15 मिमीला ही खोली साधारण 20 ते 22 मिमी असते, कंपनीगणिक थोडी बदलते. पाइप किंचित फिरवत सरळ आत सारावा. रेघ फिटिंगच्या कडेला टेकली पाहिजे. जबडा लावल्यावरही ती तिथेच आहे का, हे पुन्हा पाहावे, कारण जबडा बसवण्याच्या गडबडीत पाइप मागे सरकतो आणि तो सरकलेला कळत नाही.

पाइप अर्धाच आत असेल तर काय होते? रिंग फिटिंगच्या तोंडाशी असते, त्यामुळे पाइप तिच्यापलीकडे थोडासा गेला तरी पाणी अडते. दाबाची चाचणी पास होते. पण षटकोनाखाली पुरेसा पाइप नसतो. पुढे हीटिंग सुरू झाले की तांबे लांबते. 5 मीटरचा पाइप 50 अंशांनी तापला, तर सुमारे 4 मिलिमीटर वाढतो आणि थंड झाला की तेवढाच आखडतो. हिवाळाभर रोज हे ओढणे-ढकलणे चालते आणि एक दिवस पाइप सुटून येतो. नुसत्या पाझरापेक्षा हे कितीतरी घातक, कारण पाझर डाग दाखवतो आणि सुटलेला पाइप थेट घर भिजवतो.

जबडा पाइपाला काटकोनात धरावा आणि त्याची खाच फुगवट्यावर नेमकी बसू द्यावी. तिरका बसला, तर षटकोन एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ होतो. दांडे सलग, धक्का न देता मिटावेत, जबड्याची दोन्ही टोके भिडेपर्यंत. रॅचेट, म्हणजे दांडे मध्येच उलट उघडू न देणारी दातेरी कळ, असलेले यंत्र आवर्तन पूर्ण झाल्याशिवाय सुटत नाही. ती सोय असलेले यंत्र थोडे महाग मिळाले तरी तेच घ्यावे. दांडे उघडायला बरीच जागा लागते, म्हणून भिंतीच्या कोपऱ्यातल्या सांध्यावर आधी जबडा रिकामाच लावून पाहावा. जमले तर तो भाग मोकळ्या जागेत जोडून मग जागेवर बसवावा. हाताने 15 मिमी सहज होतो, 22 मिमीला अंग लावावे लागते, 28 मिमीचे चार-पाच सांधे झाले की हात थकतात आणि शेवटचे सांधे अर्धवट राहू लागतात. तिथून पुढे यंत्र भाड्याने आणणे शहाणपणाचे.

जवळ झाळकाम करायचे असेल, तर आधी झाळावे, पूर्ण थंड होऊ द्यावे, मग प्रेस करावे. पाण्याच्या प्रेस फिटिंगची नेहमीची मर्यादा 110 अंश सेल्सिअस आणि 16 बार अशी असते, टॉर्चची आच ती क्षणात ओलांडते.

याच मर्यादेमुळे आपल्याकडच्या एसीच्या तांब्याच्या नळ्यांना पाण्याची फिटिंग चालत नाही. आर-32 वायूच्या यंत्रात कडक उन्हात दाब 25 बारच्या वर जातो. रुग्णालयांतल्या ऑक्सिजनच्या तांब्याच्या वाहिन्या तर चांदीमिश्रित धातूने ब्रेझ केल्या जातात, म्हणजे सोल्डरपेक्षा बऱ्याच जास्त आचेवर झाळल्या जातात. तिथे पाण्याच्या फिटिंगचा प्रयोग करणे म्हणजे जिवाशी खेळ. स्वयंपाकाच्या गॅससाठी वेगळ्या, पिवळ्या खुणेच्या, एचएनबीआर या दुसऱ्या कृत्रिम रबराच्या रिंगच्या फिटिंग असतात, आणि ते काम परवानाधारकाचेच.

चाचणी भिंत बुजवण्याआधी करायची, आणि आधी कमी दाबावर. अनेक कंपन्यांच्या फिटिंगमध्ये मुद्दाम अशी रचना असते की दाबायची राहून गेलेली फिटिंग गळलीच पाहिजे. एका प्रसिद्ध जर्मन पद्धतीत ही गळती पाण्याने 1 ते 6.5 बार दाबावर उघड होते. एकदम जास्त दाब दिला, तर न दाबलेल्या फिटिंगमधून पाइपच निसटू शकतो. सगळे सांधे फिरून, खालच्या बाजूने कोरडे बोट लावून पाहावेत आणि दाबलेल्या प्रत्येक फिटिंगवर मार्करने टिंब द्यावे. दाबायची राहिलेली एखादी टपकताना सापडली, की दाब पूर्ण सोडावा, रेघ अजून कडेला आहे का ते पाहावे, मागे सरकलेला पाइप पुन्हा टेकेपर्यंत आत सारावा, जबडा लावून दांडे शेवटपर्यंत मिटावेत आणि चाचणी कमी दाबापासून पुन्हा सुरू करावी.