‘की’, ‘किंवा’ आणि एकटा ऑर

हिवाळ्यात जळगावकडे शेतात भरीत पार्टी असली की वाढणारा विचारतो, “कळण्याची भाकरी की पुरी?” आपण म्हणतो, “भाकरी किंवा पुरी, काहीही चालेल.” प्रश्नात ‘की’, उत्तरात ‘किंवा’. यात पाच वर्षांचं पोरही चुकत नाही. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे एकच ऑर. दोहोंतलं एक निवडायचंय की नुसतं ‘हवं का’ एवढंच विचारलंय, हे आवाजाच्या चढउतारावरून ओळखायचं. वहीत आवाज कुठला?

इंग्रजीकडे एके काळी त्यासाठी वेगळा शब्द होता. जुन्या इंग्रजीत वेदर (हवामानाचं नव्हे, दुसरं) म्हणजे ‘दोहोंपैकी कोणता’. त्यानं सरळ प्रश्नच सुरू व्हायचा. 1611 च्या बायबलातही तो या अर्थानं आहे. पुढे सरळ प्रश्नातून तो गेला आणि ‘येणार की नाही ठाऊक नाही’ अशा वाक्यांपुरता उरला. म्हणजे आपल्या ‘की’चं निम्मं काम वेदरकडे, निम्मं ऑरकडे. खानदेशातलं पोर घरी अहिराणी, शाळेत मराठी बोलून तिसऱ्या भाषेत ही वाटणी शिकतं. राज्यात इंग्रजी 2000 पासून पहिलीपासून, त्याआधी पाचवीपासून.

आयदरनं तर अर्थच फिरवला. मुळात तो ‘दोघांपैकी प्रत्येक’, म्हणजे दोन्ही. नदीच्या ‘आयदर’ काठाला झाडं म्हटलं तर आजही दोन्ही काठांना. पण बँकेतलं नवरा-बायकोचं खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असतं, तिथे दोघांपैकी कोणीही एकानं सही केली की पैसे निघतात; एक गेला तर मागे राहिलेल्याला मिळतात. सही करणाऱ्या किती जणांना हा शब्द कधीकाळी ‘दोघेही’ होता याचा पत्ता असेल?

नीदर-नॉरला (‘हाही नाही, तोही नाही’) माझ्या विद्यार्थ्यांचे गुण जातात ते वेगळ्याच कारणानं. आपण ‘तोही आला नाही, तीही आली नाही’ म्हणतो, म्हणून पोरं नीदरसोबत नॉटही लिहितात. जुन्या इंग्रजीत असे नकारावर नकार सर्रास चालत. अठराव्या शतकात रॉबर्ट लाउथ यांच्या इंग्रजी व्याकरणानं दोन नकार एकमेकांना खोडतात असं सांगितलं, आणि पाठ्यपुस्तकांनी तेच उचललं.

ऑर-नॉरनं जोडलेले दोन कर्ते असले की क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालवायचं, हा इंग्रजीचा नियम मात्र मला कधी शिकवावा लागला नाही. ‘दोन लाडू किंवा एक पुरी उरली असेल’ असं आपण म्हणतोच की.