संचालक मंडळ

कंपनी, सहकारी संस्था किंवा तत्सम नोंदणीकृत संस्थेचा कारभार चालविण्यासाठी भागधारकांनी अगर सभासदांनी मुख्यतः निवडणुकीने नेमलेल्या व्यक्तींचा समूह. कंपनी अधिनियम, २०१३ मध्ये संचालकांच्या ‘सामूहिक निकाया’ला ही संज्ञा दिली असून, विषयाचा गाभा याच शब्दांत आहे. कायद्याने अधिकार दिला आहे तो सभेत एकत्र बसलेल्या मंडळाला; एकट्या संचालकाला, मंडळाने तसे सोपविले नसल्यास, संस्थेच्या नावाने साधा करार करण्याचाही अधिकार नसतो. कसुरीची जबाबदारी मात्र व्यक्तिशः आणि पुष्कळदा प्रत्येकावर संपूर्णपणे येते. या विषमतेतून कोणत्या संचालकाला कितपत जबाबदार धरावे हा प्रश्न निर्माण होतो, आणि गेल्या पावणेतीनशे वर्षांतील न्यायनिर्णयांचा मोठा भाग त्याच प्रश्नाभोवती फिरत आला आहे. महाराष्ट्रात ‘संचालक’ म्हटले की कंपनीपेक्षा साखर कारखाना, जिल्हा बँक किंवा दूध संघ आधी डोळ्यांपुढे येतो. तथापि या पदाचे कायदेशीर रूप कंपन्यांच्या इतिहासात घडले असल्याने विवेचनाचा आरंभ तेथून करणे सोयीचे आहे.

उत्पत्ती : मंडळ-पद्धतीचे मूळ नेमके कोठे शोधावे याविषयी मतैक्य नाही. एका मतानुसार ती मध्ययुगीन व्यापारी श्रेणींकडून आली. इंग्लंडमधील ‘मर्चंट ॲडव्हेंचरर्स’ या व्यापारी संघाला १५०५ मध्ये मिळालेल्या सनदेत एक गव्हर्नर आणि चोवीस सहायक अशी रचना आढळते. दुसरे मत डच ईस्ट इंडिया कंपनीकडे (१६०२) बोट दाखविते. तिचा कारभार ‘सतरा सद्गृहस्थां’कडे असे, त्यांत ॲम्स्टरडॅमचे आठ, झीलंडचे चार आणि उरलेल्या चार शाखांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी असून सतरावी जागा ॲम्स्टरडॅमखेरीज इतर शाखांकडे पाळीपाळीने जाई. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या ३१ डिसेंबर १६०० च्या सनदेतही एक गव्हर्नर व चोवीस ‘कमिटी’ आहेत. येथे ‘कमिटी’ हा शब्द समितीचा नव्हे, तर कारभार सोपविलेल्या एकेका व्यक्तीचा वाचक आहे, ही गोष्ट वाचताना सहज नजरेतून सुटते. चोवीस हा आकडा डच कंपनीच्या आधीच्या सनदांत दिसत असल्याने निदान इंग्लंडपुरते तरी श्रेणींचे मत अधिक सयुक्तिक वाटते. ‘डायरेक्टर’ हे पदनाम १६९४ च्या बँक ऑफ इंग्लंडच्या सनदेत (गव्हर्नर, डेप्युटी गव्हर्नर व चोवीस डायरेक्टर) मिळते आणि अठराव्या शतकाच्या आरंभी दोन प्रतिस्पर्धी ईस्ट इंडिया कंपन्यांचे एकीकरण झाल्यावर ‘कोर्ट ऑफ डायरेक्टर्स’ हे नाव भारतापर्यंत पोहोचले. या सभेचे सर्व चोवीस सदस्य पूर्वी दरवर्षी निवडले जात. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने मुदत चार वर्षांची करून दरसाल सहा जणांनी निवृत्त व्हावे असे ठरविले. १८५३ मध्ये सदस्यसंख्या अठरावर आली व त्यांपैकी सहा जणांच्या नेमणुका सरकारच्या हाती गेल्या. आजच्या कंपनी कायद्यातील क्रमनिवृत्तीचा (सार्वजनिक कंपनीतील क्रमाने निवृत्त होणाऱ्या संचालकांपैकी एक-तृतीयांश दर वार्षिक सभेत पायउतार होतात) या व्यवस्थेशी थेट वंशसंबंध लावण्याचा मोह होतो, पण साम्यापलीकडे तसे म्हणण्यास आधार पुरेसा नाही.

संचालकाचे कायदेशीर स्वरूप : संचालक हा कंपनीचा अभिकर्ता (मालकाच्या वतीने काम करणारा प्रतिनिधी) की विश्वस्त, हा वाद जुना आहे. १७४२ मध्ये इंग्लंडमधील न्यायाधीश लॉर्ड हार्डविक यांनी ‘चॅरिटेबल कॉर्पोरेशन’च्या खटल्यात दोन्ही उपमा वापरल्या. ही गरिबांना तारणावर कर्ज देणारी संस्था होती. खोट्या तारणांवर पैसे उचलले गेले आणि देखरेखीसाठी नेमलेले समिती-सदस्य स्वस्थ राहिले. आपण विनावेतन काम करीत होतो हा त्यांचा बचाव न्यायालयाने मानला नाही. विश्वस्ताची उपमा पुढे दीर्घकाळ टिकली, कारण १८४४ पूर्वीच्या अनेक अनिगमित (कायद्याने स्वतंत्र व्यक्तित्व नसलेल्या) कंपन्यांची मालमत्ता खरोखरच विश्वस्तांच्या नावे असे आणि कित्येकदा तेच लोक संचालकही असत. मालमत्ता कंपनीच्याच नावे होऊ लागल्यावर ही उपमा सैल पडली. अभिकर्त्याची उपमाही पुरी पडत नाही : १९०६ च्या एका गाजलेल्या इंग्लिश निर्णयानुसार नियमावलीने कारभार मंडळाकडे सोपविला असेल, तर सर्वसाधारण सभेच्या साध्या बहुमताचा हुकूमही मंडळावर बंधनकारक नसतो, अभिकर्ता मात्र मालकाचा हुकूम असा डावलू शकत नाही. त्यामुळे संचालकपद ही स्वतंत्र जातीची नाती निर्माण करणारी जागा असून इतर दोन उपमा प्रसंगानुसार उजेड पाडण्यापुरत्या घ्याव्यात, हे मत आता बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे.

दक्षतेची कसोटी मात्र एकोणिसाव्या शतकात कमालीची सौम्य झाली. याचे नेहमीचे उदाहरण कार्डिफ सेव्हिंग्ज बँकेचे. ब्यूटचे मार्क्विस (एक ब्रिटिश उमराव) वयाच्या सहाव्या महिन्यात, वडिलांचे वारस म्हणून, १८४८ मध्ये या बँकेचे अध्यक्ष झाले आणि त्यानंतरच्या अडतीस वर्षांत मंडळाच्या एकाच सभेला हजर राहिले. बँक अफरातफरीने बुडाली तेव्हा १८९२ मध्ये न्यायालयाने त्यांना जबाबदार धरले नाही. सभेला न जाणे आणि सभेत बसून कर्तव्य टाळणे या दोन गोष्टी एक नव्हेत, असा त्या निर्णयाचा रोख होता. ही पेढी तांत्रिक अर्थाने कंपनी नव्हती, पण या निर्णयाचा आधार कंपन्यांच्या खटल्यांत घेतला गेला. १९२५ मध्ये सिटी इक्विटेबल फायर इन्शुरन्स कंपनीच्या खटल्यात न्यायमूर्ती रोमर यांनी हीच परंपरा तीन सूत्रांत बांधली : संचालकाकडून त्याच्या स्वतःच्या ज्ञान-अनुभवाला साजेल तेवढ्याच कौशल्याची अपेक्षा धरावी, त्याने सतत लक्ष देणे आवश्यक नाही, आणि संशयाला कारण नसल्यास त्याने अधिकाऱ्यांवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

भारतातील वाटचाल : मुंबईचा अनुभव या सूत्रांच्या आधीचा आहे. १८४० मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेच्या मंडळावर सरकारने नेमलेले संचालकही असत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, १८६३ च्या कायद्याने बँकेच्या कर्जव्यवहारावरील जुने निर्बंध सैल केले आणि कंपन्यांच्या भागांच्या तारणावर बेसुमार कर्जे दिली गेली. युद्ध संपताच १८६५ मध्ये बाजार कोसळला. १८६८ मध्ये बँक गुंडाळून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. सट्ट्यातील अग्रणी प्रेमचंद रायचंद हे स्वतःच बँकेच्या संचालकांपैकी होते. हितसंबंधी संचालक आणि झोपी गेलेला सरकारी प्रतिनिधी हे मंडळाचे दोन्ही जुनाट आजार येथे एकाच वेळी दिसतात.

त्यानंतरचे जवळजवळ शतक मॅनेजिंग एजन्सी पद्धतीचे होते. मुंबईच्या गिरण्यांत कारभार एजंटांच्या पेढीकडे असे व मंडळ बहुधा नावापुरते. १९३६ च्या दुरुस्तीने एजंटांची मुदत वीस वर्षांवर आणि त्यांनी नेमावयाचे संचालक एक-तृतीयांशावर आणून ठेवले. ३ एप्रिल १९७० पासून ही पद्धतच बंद झाली. सत्यम कॉम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या हिशेबांतील लबाडी ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांच्याच कबुलीपत्रातून बाहेर आली. मंडळावर नामवंत स्वतंत्र (कंपनीशी आर्थिक हितसंबंध नसलेले) संचालक असूनही हे घडल्यामुळे पुढच्या कायद्यावर या प्रकरणाची छाया स्पष्ट पडली आहे.

सध्याची कर्तव्ये : २०१३ च्या अधिनियमाच्या कलम १६६ ने न्यायालयांच्या निर्णयांत विखुरलेली कर्तव्ये प्रथमच एकत्र लिहिली. नियमावलीनुसार वागणे, सद्‌भावनेने कंपनीचे हित पाहणे, वाजवी काळजी, कौशल्य व तत्परता राखून स्वतंत्र बुद्धीने निर्णय घेणे, हितसंघर्ष व गैरलाभ टाळणे आणि पद दुसऱ्याच्या हवाली न करणे ही ती होत. वादाचा मुद्दा आहे तो ‘हित कोणाचे’ हा. ब्रिटनच्या २००६ च्या कायद्यात कामगार, पर्यावरण इत्यादींची संचालकाने ‘दखल’ घ्यावयाची आहे; भारतीय कलमात कंपनी, तिचे कर्मचारी, भागधारक, समाज आणि पर्यावरण हे एकाच वाक्यात शेजारीशेजारी बसविले आहेत. सर्वांना समान स्थान दिले आहे असा त्याचा अर्थ काही अभ्यासक लावतात. शब्दरचना त्यांच्या बाजूची आहे हे खरे, परंतु सामूहिक दाव्याचा हक्क (कलम २४५) सभासद आणि ठेवीदार यांनाच असल्याने, कर्मचारी वा समाज यांच्यासाठी हे कर्तव्य तूर्त फारसे वापरण्याजोगे साधन नाही.

मंडळाच्या रचनेचे नियम सर्वपरिचित आहेत : सार्वजनिक कंपनीत किमान तीन, खाजगी कंपनीत दोन संचालक, कमाल पंधरा, आणि त्याहून अधिकांसाठी विशेष ठराव, सूचिबद्ध सार्वजनिक कंपनीत एक-तृतीयांश स्वतंत्र संचालक. वर्षातून किमान चार सभा व दोन सभांत १२० दिवसांहून अधिक अंतर नाही, हा सर्वसाधारण नियम. एका व्यक्तीला वीसपेक्षा अधिक कंपन्यांवर (त्यांतील सार्वजनिक दहा) राहता येत नाही. बारा महिन्यांतील सर्व सभांना गैरहजर राहणाऱ्याचे पद, रजा घेतली असली तरी, आपोआप रिकामे होते. ब्यूटच्या मार्क्विसांची सवड आता कोणालाच नाही. स्वतंत्र व अकार्यकारी संचालकांना मात्र मंडळाच्या कामकाजातून जे त्यांना कळले आणि ज्याला त्यांची संमती वा मूक साथ होती, किंवा जेथे ते तत्पर राहिले नाहीत, तेवढ्यापुरतेच जबाबदार धरले जाते.

सहकारी संस्था : १९५० च्या सुमारास प्रवरानगर येथे सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटील यांचा पुढाकार होता, तर पहिले अध्यक्ष अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते, शेतकरी सभासद आणि जाणकार यांच्या या जोडीची आठवण आजच्या ‘तज्ज्ञ संचालक’ या तरतुदीत राहिली आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार अंतिम सत्ता सर्वसाधारण सभेची (कलम ७२) आणि कारभार समितीचा (कलम ७३). ‘समिती’ या संज्ञेत संचालक मंडळ येते. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सदस्यसंख्येवर एकवीसची मर्यादा, पाच वर्षांची मुदत आणि महिलांसाठी दोन जागा घातल्या. महाराष्ट्राने २०१३ मध्ये आपला कायदा त्यानुसार बदलला. राज्यांची संमती न घेतल्याने घटनादुरुस्तीतील हा भाग राज्यांतील संस्थांपुरता सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी रद्द ठरविला, पण बहुराज्यीय संस्थांसाठी राखला.

जबाबदारीबाबत महाराष्ट्राचा हा सहकारी कायदा कंपनी कायद्यापेक्षा कठोर, पण अधिक स्पष्ट आहे. समितीच्या निर्णयांना सदस्य संयुक्तपणे आणि व्यक्तिशः बांधील असतात. तसे बंधपत्र लिहून देण्याची तरतूदही या कायद्यात आली. नुकसानीची रक्कम व्यक्तिवार ठरविणारी चौकशी कलम ८८ खाली होते आणि सहकारी वर्तुळात ‘अठ्ठ्याऐंशीची चौकशी’ म्हणूनच ती ओळखली जाते. सुटकेचे मार्गही कायद्यानेच दिले आहेत. ठरावाशी असहमत असलेल्याने आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्यावा, हवे तर सात दिवसांत निबंधकांना (सहकारी संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना) लेखी कळवावे. मग त्या ठरावापुरता तो मोकळा. प्रत्यक्षात प्रोसिडिंग बुकात सूचक व अनुमोदक यांच्या नावांखाली ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ एवढीच ओळ आढळते आणि मोठ्या खर्चाचा विषय ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ या शेवटच्या बाबीखाली आलेला असतो.

गैरहजर सदस्याचीही त्या सभेच्या कामकाजातून सुटका होते, मात्र त्याने नंतर ते इतिवृत्त कायम केलेले नसले पाहिजे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर पहिलाच विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा असतो, आणि तो एरवी चहा येईपर्यंत संपतो.