नाटकाची ऐतिहासिक पार्श्वभूमी : अध्यापन

नाटकाची संहिता वाचून घेताना तिच्यामागचा काळ, त्या काळची सत्ता, कायदे आणि लोकव्यवहार विद्यार्थ्यांना उलगडून दाखवण्याची अध्यापनरीती. ही पार्श्वभूमी बहुधा दुहेरी असते : नाटकात दाखवलेला काळ एक आणि नाटक लिहिले गेले तो काळ दुसरा. परीक्षेच्या गाइडमध्ये यांतला पहिलाच काळ येतो आणि दुसरा बहुतेक वेळा वगळला जातो.

कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ (१९०७) हे याचे ठळक उदाहरण. कथा विराटनगरीची असली, तरी कीचकाच्या उन्मत्तपणात प्रेक्षकांना १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय असलेला लॉर्ड कर्झन दिसला. कंकभट्टाच्या, म्हणजे अज्ञातवासातल्या युधिष्ठिराच्या, सबुरीत मवाळ आणि भीमाच्या संतापात जहाल दिसले. सरकारने १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. खानदेशातल्या वर्गात घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाकडून ‘कीचक ते महाभारतमाधला शे, मंग इंग्रजसले राग काबर उना?’ (कीचक तर महाभारतातला, मग इंग्रजांना राग का आला?) असा प्रश्न आला, तर शिक्षकाने तिथेच थांबावे, कारण साऱ्या पार्श्वभूमीची किल्ली त्या प्रश्नात आहे. उत्तर देताना १९०५ ची बंगालची फाळणी, खाडिलकरांचे ‘केसरी’तील काम आणि १९०८ मध्ये टिळकांना झालेली शिक्षा यांचा क्रम लावून द्यावा लागतो. शेजारच्या नाशकात २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग असताना कलेक्टर जॅक्सनचा वध झाला, बंदीपूर्वीचे वातावरण किती तापले होते, हे या एका घटनेवरून मुलांना चटकन कळते. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ मध्ये झाले, हे सनावळीची खूणगाठ म्हणून सांगता येते. मात्र ती प्रशासकीय विभागणी होती, तिला बंगालच्या फाळणीच्या पंगतीत बसवू नये.

खाडिलकरांच्याच ‘भाऊबंदकी’त (१९०९) दाखवलेला काळही खराखुरा इतिहास आहे. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला. पुढे बारभाईंनी, म्हणजे राघोबांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, पाठलाग केल्यावर नारायणरावांचे काका राघोबादादा बऱ्हाणपुराकडे, म्हणजे जुन्या खानदेशच्या राजधानीकडे वळले. हे शहर आज मध्य प्रदेशात असल्याने आपल्या मुलांना ते ‘आपले’ वाटत नाही, म्हणून भिंतीवर तापीच्या खोऱ्याचा नकाशा लावणे बरे. नाटक येण्याच्या दोनच वर्षे आधी सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेस दुभंगली होती, हेही सांगावे. परंतु नाटक म्हणजे त्या फुटीचे रूपकच, असा निकाल देण्याची घाई करू नये. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’बाबत (१९७२) सावधगिरी याहून अधिक लागते, कारण तिथे नाना फडणीस हे पात्र आहे, चरित्र नव्हे.

पार्श्वभूमी केव्हा द्यावी, हा प्रश्न ती किती द्यावी याइतकाच महत्त्वाचा आहे. तासाच्या आरंभी सनावळ्या लिहून दिल्या की मुले त्या वहीत उतरवतात आणि नाटक बाजूला राहते. आधी एखादा प्रवेश दोघांतिघांनी मोठ्याने वाचावा, संवाद अडला की मग माहिती द्यावी, ही रीत अधिक फलदायी ठरते.

साधनांच्या बाबतीत धुळ्याला मोठा वारसा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळ्यातच निधन झाले आणि पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. मोडी कागद कसा दिसतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या विद्यार्थ्याला राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंनी नारायणरावांविषयीच्या हुकमात ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका वेगळी भासते. मोडी जाणणाऱ्या शिक्षकाने ‘धरावे’ आणि ‘मारावे’ हे शब्द फळ्यावर मोडीत एकाखाली एक लिहावेत, आणि एकाचा दुसरा करायला कुठे किती खाडाखोड करावी लागेल, हे मुलांनाच खडूने करून पाहू द्यावे.