नोंद कुणाची, बदलणार कोण?

पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची, म्हणजे नावावरून संगणकाचा पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेची, रचना मांडली, तेव्हा संगणकांचे पत्ते सहसा बदलत नसत. कुठल्या नावाचा आयपी पत्ता (संगणकाचा नेटवर्कवरचा क्रमांक) कोणता, हे प्रशासक फाइलमध्ये हाताने लिहून ठेवी. पुढे संगणकांना आपोआप पत्ते वाटणारं डीएचसीपी आलं आणि पत्ते ठरावीक मुदतीसाठी मिळू लागले. रोज बदलणाऱ्या नोंदी हाताने कोण सांभाळणार? एप्रिल १९९७ मध्ये आरएफसी २१३६ या प्रमाणाने तोडगा काढला: संगणकाने आपली नोंद स्वतःच डीएनएस सर्व्हरला कळवायची. हेच डायनॅमिक अपडेट.

सोय झाली, पण कळवणारा खरा कशावरून? निव्वळ आयपी पत्ता पाहून विश्वास ठेवावा, तर तो खोटा लावता येतो. फाइल सर्व्हरच्या नावापुढे कुणी स्वतःचा पत्ता लिहिला, की सगळे मुकाट त्याच्याच यंत्राकडे जातील.

यावर एक उपाय टीसिग या सही-पद्धतीचा. दोन्ही बाजूंकडे एकच गुप्त किल्ली असते आणि तिच्या आधारे प्रत्येक संदेशावर सही होते. सहीत वेळही असते. ती वेळ आणि सर्व्हरची वेळ यांत साधारणपणे ३०० सेकंदांहून जास्त फरक चालत नाही, त्यामुळे जुना संदेश पकडून नंतर पुन्हा पाठवणं फारसं साधत नाही. बाइंड या डीएनएस सर्व्हरवर ‘अलाउ-अपडेट’ या सेटिंगमध्ये किल्ली दिली, की अपडेट सुरू होतात. अनेक जण तिथेच थांबतात. पण तेवढ्याने त्या किल्लीला अख्खा झोन, म्हणजे सर्व्हर सांभाळतो तो नोंदींचा पूर्ण संच, खुला होतो. ‘अपडेट-पॉलिसी’ने कोणत्या किल्लीने कोणतं नाव बदलायचं हे नेमकं ठरवता येतं.

मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे संस्थेतल्या (डोमेनमधल्या) संगणकांची आणि खात्यांची माहिती ठेवणाऱ्या व्यवस्थेत, वेगळी किल्ली वाटावी लागत नाही. डोमेनमधल्या प्रत्येक संगणकाचं खातं असतंच. त्याची ओळख केर्बेरॉस हा ओळख तपासणारा प्रोटोकॉल पटवतो. झोनच्या प्रॉपर्टीजमध्ये डायनॅमिक अपडेटसाठी ‘सिक्युअर ओन्ली’ निवडायचं. झोन डिरेक्टरीत साठवलेला नसेल तर हा पर्यायच दिसत नाही, कारण प्रत्येक नोंदीचे हक्क डिरेक्टरीच सांभाळते. विंडोज क्लायंट, म्हणजे नोंद कळवणारा संगणक, आधी बिनसहीची विनंती करून पाहतो, नकार आला की मगच सही करतो. म्हणून नेटवर्कवरची पाकिटं तपासताना पहिला नकार दिसला तर घाबरू नये. घड्याळ मात्र पाहावं: पाच मिनिटांहून जास्त चुकलं असेल तर केर्बेरॉस सहसा दाद देत नाही.

खरी गुंतागुंत पुढे आहे. नोंद जो करतो, तो तिचा मालक. डीएचसीपी सर्व्हरने क्लायंटच्या वतीने नोंद केली, तर मालकी त्या सर्व्हरकडे जाते. उद्या तो बंद पडून दुसरा आला, तर त्याला ती बदलता येत नाही. डीएनएस-अपडेट-प्रॉक्सी हा गट यासाठीच आहे, पण त्याच्या सदस्यांनी केलेल्या नोंदी असुरक्षित राहतात आणि नंतर जो आधी बदलेल तो त्यांचा मालक होतो. डीएचसीपी डोमेन कंट्रोलरवरच, म्हणजे डिरेक्टरी सांभाळणाऱ्या सर्व्हरवरच, चालत असेल, तर हा गट न वापरलेलाच बरा. माझ्या मते सगळ्या डीएचसीपी सर्व्हरना अपडेटसाठी एकच वेगळं, साध्या हक्कांचं खातं द्यावं.

शिवाय सुरक्षा मिळते ती असलेल्या नोंदींना. नसलेलं नाव नव्याने नोंदवायला मूळ (डिफॉल्ट) मांडणीत डोमेनचं कुठलंही खातं चालतं. ‘डब्ल्यूपॅड’ हे नाव तर फारच मोहाचं, कारण ब्राउझर प्रॉक्सीचा, म्हणजे इंटरनेटकडे जाताना मध्ये असणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता त्याच नावाने शोधतात. म्हणून विंडोज सर्व्हर २००८ पासून ते अडवलेल्या नावांच्या यादीत आहे. तारांकित नोंद, म्हणजे झोनमध्ये न सापडणाऱ्या नावांना सरसकट उत्तर देणारी, आधी कुणी केलेली नसेल तर तीही कुणी सामान्य खातेदार करू शकतो.

नेहमी भेटणारा एक पेच असा: खराब झालेल्या संगणकाचं खातं काढून टाकलं आणि त्याच नावाचा नवा संगणक डोमेनमध्ये आणला. नाव तेच, पण खात्याची अंतर्गत ओळख नवी. जुनी नोंद त्याच्या मालकीची नसल्याने अपडेट नाकारलं जातं. अशा वेळी जुनी नोंद हाताने पुसायची, मग नव्या संगणकावर ‘आयपीकॉन्फिग /रजिस्टरडीएनएस’ ही आज्ञा चालवायची.