इंजिन-बदलानंतरची जुळणी (जुन्या मोटारी)

जुन्या मोटारीतले मूळ इंजिन काढून तिच्यासाठी न घडवलेले दुसरे इंजिन बसवले की चेसिस, गिअरबॉक्स, स्टेअरिंग, रेडिएटर आणि बोनेट यांच्याशी त्याचा मेळ घालावा लागतो. या सगळ्या कामाला मिळून जुळणी म्हणता येईल. मूळ इंजिनाचे भाग न मिळणे, ताकद कमी पडणे किंवा पेट्रोलऐवजी डिझेल हवे असणे ही इंजिन बदलण्याची नेहमीची कारणे. चेन-पुलीला टांगलेले इंजिन बोनेटखाली उतरवायला एक दिवस पुरतो, पण खरे काम त्यानंतर सुरू होते. पुढे उद्‌भवणाऱ्या बहुतेक तक्रारींचे, म्हणजे थरथर, गिअर सुटणे, पाणी उकळणे, सायलेन्सरचा पाइप आदळणे यांचे मूळ एकाच निर्णयात सापडते: इंजिन किती मागे, किती उंच आणि किती कलते ठेवले. फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन ज्यावर टेकते त्या आधाराचे, ब्रॅकेट एकदा पक्के वेल्ड झाले की बाकीच्या प्रत्येक भागाला त्याच जागेशी जमवून घ्यावे लागते.

म्हणून जाणते फिटर आधी रिकामा ब्लॉक, हेड, ऑइल चेंबर आणि गिअरबॉक्स एवढेच जोडून गाडीत ठेवून पाहतात. त्या वेळी गाडी जॅकवर नको, स्वतःच्या चाकांवर आणि सपाट जमिनीवर उभी हवी. कारण स्प्रिंगवर वजन नसेल तर मागचा एक्सल खाली लोंबतो आणि सगळी मापे चुकतात. पहिला अडथळा बहुधा चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा. त्याचा खोल भाग नेमका पुढच्या क्रॉस मेंबरवर (चेसिसच्या आडव्या तुळईवर) येतो. क्रॉस मेंबर कापणे सोपे वाटते, पण पुढच्या सस्पेन्शनचा भार त्यावरच असतो. त्यापेक्षा चेंबर कापून त्याचा खड्डा पुढे किंवा मागे सरकवणे आणि त्याप्रमाणे तेल ओढणारा पाइप वळवणे केव्हाही बरे. पाइपची जाळी तळापासून फार वर राहिली तर चढावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर पंपाला तेलाऐवजी हवा मिळते आणि बेअरिंगे जळतात.

इंजिन एका कंपनीचे आणि गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीचा असेल तर मध्ये दोन्ही जोडणारी, लेथवर घडवलेली ॲडॅप्टर प्लेट लागते. बोल्टांची भोके जुळली म्हणजे काम झाले, असा समज सर्रास आढळतो आणि तो महागात पडतो. क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट यांचे अक्ष एका रेषेत असणे महत्त्वाचे. त्यासाठी फ्लायव्हीलवर डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे काट्याचे मापक) बसवून क्रँक हाताने फिरवतात आणि बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाच्या) मधल्या भोकाभोवती काटा किती हलतो ते पाहतात. ही हालचाल साधारण ०.१ मिमीच्या आसपास असावी. ती फार जास्त असेल तर इनपुट शाफ्टचे टोक पेलणारे पायलट बुश झिजते, क्लच प्लेटच्या मधल्या भागाला तडे जातात आणि चालत्या गाडीत गिअर आपोआप सुटतो. हा दोष इंजिन खाली उतरवल्याशिवाय दिसत नाही, म्हणून तपासणी आधीच केलेली बरी.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत फेरे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन. साध्या क्रॉस जॉइंटमधून फिरणारा शाफ्ट कोनात असला की एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे पडतो. जॉइंटचा कोन १० अंश असेल तर गिअरबॉक्स मिनिटाला ३,००० फेरे देत असताना शाफ्टचा वेग सुमारे २,९५४ ते ३,०४६ यांच्या दरम्यान हेलकावे खातो. कोन ३ अंश असेल तर हाच फरक वर-खाली चार फेऱ्यांवर येतो. यावरचा उपाय मूळ रचनेतच आहे: मागच्या जॉइंटचा कोन पुढच्याइतकाच आणि उलट दिशेचा ठेवला, म्हणजे गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि मागच्या एक्सलमधल्या डिफरन्शियलचा पिनियन (शाफ्टला जोडलेला दातेरी दांडा) समांतर राहिले, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (जॉइंट धरणारे दुबेळके) एकाच पातळीत असले की पुढचा हेलकावा मागे रद्द होतो. कोन पूर्ण शून्यही नसावा, नाहीतर क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया जागच्या जागी राहून कपांत खाचा पडतात.

हे गणित बिघडते ते असे. नवे इंजिन उंच असते, बोनेट बंद व्हावे म्हणून पुढून खाली दाबले जाते, त्यामुळे गिअरबॉक्सचे शेपूट वर उठते. मग ठरावीक वेगाला पायाखाली गुणगुण सुरू होते. मालक चाकांचे बॅलन्सिंग करून घेतो, टायर बदलतो, शाफ्टही बॅलन्स करून आणतो आणि गुणगुण तशीच राहते. अशा वेळी मागच्या स्प्रिंगपट्ट्यांवर पाचरीच्या आकाराचे शिम घालून कोन सुधारावा लागतो.

इंजिनाची रुंदी ही वेगळीच अडचण, आणि तिचे उत्तम उदाहरण ब्रिटनमधली सनबीम टायगर. रूट्स या ब्रिटिश मोटार समूहाने आपल्या चार सिलिंडरच्या अल्पाइन गाडीत फोर्डचे ४.३ लिटरचे व्ही-८ (व्ही आकारात आठ सिलिंडरचे) इंजिन बसवून १९६४ मध्ये ती विक्रीला आणली. हे इंजिन जुन्यापेक्षा लांबीने फक्त साडेतीन इंच जास्त होते. प्रश्न होता रुंदीचा. जुनी स्टेअरिंग पेटी काढून रॅक अँड पिनियन पद्धतीचे स्टेअरिंग बसवावे लागले. वेस्ट ब्रॉमविचच्या जेन्सन कारखान्यात जोडणी होताना रंग झालेल्या फायरवॉलचा (इंजिन आणि बसण्याची जागा यांमधल्या पत्र्याच्या भिंतीचा) काही भाग घणाने आत ठोकून इंजिनाला वाट करून दिली जाई. एक स्पार्क प्लग तर बोनेटखालून हाती लागतच नसे. त्यासाठी फायरवॉलला भोक ठेवून त्यावर रबरी बूच बसवले होते आणि प्लग आतून, पाय ठेवण्याच्या जागेतून काढावा लागे. पुढे रूट्स समूह फोर्डची प्रतिस्पर्धी असलेल्या क्रायस्लर कंपनीच्या ताब्यात गेला. मालकी क्रायस्लरची आणि इंजिन फोर्डचे हे फार दिवस चालणे शक्य नव्हते, पण क्रायस्लरच्या व्ही-८चा डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) मागच्या बाजूला होता, त्यामुळे ते इंजिन या जागेत बसेना. फोर्डचा पुढे असल्यामुळेच फोर्डचे इंजिन फायरवॉलला टेकून बसत होते. शेवटी १९६७ मध्ये टायगर बंद झाली.

एमजी बी जीटी व्ही-८ (१९७३–७६) ही गाडी याच प्रश्नाचे अधिक नेटके उत्तर आहे. रोव्हरचे ३,५२८ सीसीचे ॲल्युमिनियमचे इंजिन मूळच्या लोखंडी चार-सिलिंडरपेक्षा जड नव्हते, त्यामुळे पुढच्या वजनाची चिंता मिटली. त्याआधी केन कॉस्टेलो खासगीरीत्या असाच बदल करत असत, तेव्हा कार्बोरेटर उंच राहत आणि बोनेटला फुगवटा द्यावा लागे. कारखान्याने दोन्ही एसयू कार्बोरेटर मागे, फायरवॉलकडे सरकवले आणि बोनेट सपाट ठेवले. रेडिएटर पुढे नेऊन त्याला विजेचे दोन पंखे दिले. आजही घरगुती पातळीवर बदल करणाऱ्याने ही गाडी जवळून पाहावी, इतका तिच्यात विचार आहे.

बोनेटखालची मोकळी जागा तपासायला साधी युक्ती आहे. एअर फिल्टरवर कणकेचे गोळे ठेवून बोनेट हलकेच बंद करायचे आणि उघडल्यावर चपट्या झालेल्या गोळ्यांची जाडी मोजायची. रबरी फाउंडेशनवर इंजिन ॲक्सिलरेटर दाबताच एका अंगाला झुकते, म्हणून एक्झॉस्ट आणि स्टेअरिंग कॉलम यांच्यात बोटभर तरी अंतर हवे. रेडिएटरचा वरचा टँक इंजिनातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली गेला तर हवा अडकून राहते आणि हेड तापते. तेव्हा उंचावर वेगळी टाकी देतात. रबरामुळे इंजिन चेसिसपासून विजेच्या दृष्टीने तुटते. जाड अर्थिंगची पट्टी विसरली तर सेल्फ मारताना सगळा प्रवाह क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते.

भारतात कारखान्यांनी केलेले असे बदल परिचित आहेत. ॲम्बॅसॅडरला १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इसुझूचे १,८१७ सीसी इंजिन आणि पाच गिअरांचा गिअरबॉक्स मिळाला. मुंबईत विलिस जीपच्या जोडणीपासून सुरुवात केलेल्या महिंद्रने पुढे आपल्या जीपांना प्यूजोचे डिझेल इंजिन दिले. पेट्रोल जीपला गॅरेजमध्ये डिझेल बसवताना मात्र तीन गोष्टी हटकून राहतात: जड इंजिनाखाली बसलेले पुढच्या स्प्रिंगचे पाटे, टाकीकडे परत जाणारी डिझेलची नळी, आणि ब्रेकला बूस्टर असेल तर त्यासाठी व्हॅक्यूम पंप, कारण डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलसारखी ओढ नसते.

कायद्याची बाजू कडक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नव्या क्रमांकाची नोंद आवश्यक आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण इंजिन, चेसिस किंवा बॉडीत मोठा फेरफार झालेल्या गाडीला ही नोंदणी मिळत नाही.